बिघाड गृहीत धरून बांधलेले कोठार

सेनगाव तालुक्यातल्या कोणत्याही जुन्या शाळेत एक लोखंडी कपाट असते आणि त्या कपाटात प्रवेश-निर्गम रजिस्टर असते. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेले गृहस्थ जन्मतारखेच्या दाखल्यासाठी येतात, तेव्हा ते बाहेर निघते. २०२३ मध्ये मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निरनिराळ्या खात्यांची अशीच जुनी दप्तरे उघडली गेली. काही उर्दूत होती, काही मोडीत. आपण लिहितो ती ओळ पुढे कोणाच्या कामी येईल, हे लिहिणाऱ्याला कधीच माहीत नसते. म्हणून सगळेच जपावे लागते. आणि जपायचे म्हटले की वाळवी, गळके छप्पर आणि हरवलेली किल्ली यांचा विचार आधी करावा लागतो.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात, असाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहणार आहे. तिथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. त्या वेळी २०३० हे लक्ष्य सांगण्यात आले. काटकोनात असलेले चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, त्यांतून धावणारा लेसर किरण आणि बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान असलेला फरक मोजणारी यंत्रणा, एवढे तर आपल्यापैकी अनेकांनी वर्गात सांगितले असेल. या लेखात आम्ही त्याच्या पुढचा प्रश्न घेतला आहे. अशी वेधशाळा रोज जी माहिती लिहून काढते, ती ठेवायची कशात?

पुढे जो हिशेब येतो तो प्रकल्पाचा आराखडा नव्हे. नववी-दहावीच्या मुलांना बरोबर घेऊन फळ्यावर करता येईल असा तो हिशेब आहे. आकडे मात्र खऱ्या यंत्रांच्या आसपासचे धरले आहेत.

किती माहिती?

लायगोचा मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदला जातो. प्रत्येक नोंद ८ बाइटची धरली, तर सेकंदाला सुमारे १३१ किलोबाइट, दिवसाला ११.३ गिगाबाइट आणि वर्षाला जेमतेम ४ टेराबाइट होतात. हे तर दुकानात मिळणाऱ्या एका हार्ड डिस्कवर मावेल! १४ सप्टेंबर २०१५ रोजी पकडलेली पहिली गुरुत्वीय लहर सुमारे ०.२ सेकंद टिकली होती. एका वेधशाळेतली तेवढ्या वेळाची मुख्य नोंद २६ किलोबाइट भरते. मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

मग अडचण कुठे आहे? ते ०.२ सेकंद कोणते, हे आधी कळत नाही. शिवाय आरसा हलला तो लहरीमुळे, की दूरवरच्या भूकंपामुळे, की रस्त्यावरून गेलेल्या मालमोटारीमुळे, हे ठरवायला शेजारची साक्ष लागते. त्यासाठी भूकंपमापक, ध्वनिग्राहक, चुंबकमापक आणि तापमापक यांच्या दोन लाखांहून अधिक वाहिन्या सतत नोंदल्या जातात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा संकेत आला, तेव्हा लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेत नेमका त्याच वेळी गोंगाटाचा एक झटका बसला होता. मूळ नोंदी तपशिलाने ठेवलेल्या होत्या म्हणून तो झटका वेगळा काढता आला. ती टक्कर पुन्हा घडवून आणता येत नाही. प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखे ‘उद्या परत करू’ इथे चालत नाही.

संग्रहात दरवर्षी सुमारे ८०० टेराबाइटची भर पडेल, असा अंदाज लायगोने स्वतःच दिला आहे. आपण हाच आकडा घेऊ. पाच वर्षांचे झाले ४,००० टेराबाइट, म्हणजे ४ पेटाबाइट.

एक भक्कम कपाट, की पुष्कळ साधी?

पूर्वी यावर एकच उत्तर असे. एखाद्या मोठ्या कंपनीकडून एक महागडे, भक्कम कपाट विकत घ्यायचे. त्यात तबकड्या त्यांच्याच, जोडण्या त्यांच्या आणि दुरुस्तीचा माणूसही त्यांचाच. कपाट भरले की त्याहून मोठे घ्यायचे. दुसरा रस्ता असा, की बाजारात मिळणारे साधे सर्व्हर घ्यायचे, प्रत्येकात डझनभर हार्ड डिस्क बसवायच्या, सगळे तारांनी जोडायचे आणि शहाणपण सॉफ्टवेअरवर सोपवायचे. कोणता तुकडा कुठे ठेवायचा, त्याच्या प्रती किती, एखादे यंत्र मेले तर त्याचा माल पुन्हा कसा घडवायचा, हे सगळे सॉफ्टवेअर ठरवते. याला सॉफ्टवेअर-नियंत्रित साठवण म्हणता येईल.

अशा सॉफ्टवेअरांपैकी ‘सेफ’ हे सर्वांना खुले असलेले सॉफ्टवेअर बरेच प्रसिद्ध आहे. सेज वाइल यांनी ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत पीएच.डी.चे काम करताना रचले. त्याविषयीचा निबंध २००६ मध्ये आला. सेफॅलोपॉड म्हणजे ऑक्टोपस, माकूळ यांचा वर्ग. त्यावरून हे नाव पडले, कारण हात पुष्कळ. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत २०१३ मध्ये सुमारे ३ पेटाबाइटचा पहिला समूह उभा राहिला आणि पुढे तो बराच वाढला.

यातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे यात अनुक्रमणिका नाही. रजिस्टरात नाव शोधायला आपण अनुक्रमणिका पाहतो. ती हरवली तर सारी पाने असूनही उपयोग नाही. सेफ तुकड्याच्या नावावरूनच हिशेब करून त्याची जागा काढते. समजा नावातल्या अक्षरांना अंक देऊन बेरीज १०० आली आणि सर्व्हर २९ आहेत. १०० ला २९ ने भागून बाकी १३, म्हणून तेरावा सर्व्हर. हिशेब कोणीही, कुठेही केला तरी उत्तर तेच. पण उद्या तिसावा सर्व्हर आणला तर बाकी १० येते. जवळजवळ प्रत्येक तुकड्याची जागा बदलते आणि सगळ्या गोदामाची उलथापालथ होते. सेफमधल्या ‘क्रश’ नावाच्या रीतीने हा दोष काढला आहे. नवा सर्व्हर आला की त्याच्या वाट्याएवढाच माल हलतो.

सगळे सॉफ्टवेअरच करणार असेल, तर यंत्रे कोणतीही चालतील, असे इथे वाटू लागते. हा समज खर्चात पाडतो. सॉफ्टवेअर बिघाड सहन करते हे खरे, पण किती, कोणता आणि किती वेळ, हे यंत्रे ठरवतात.

तबकड्या मरणारच

मोठ्या संगणक केंद्रांचा अनुभव असा, की वर्षाला शंभरातल्या दीडएक हार्ड डिस्क बंद पडतात. घरी एक डिस्क असेल तर हा आकडा दिलासा देणारा वाटतो. पण १,००० डिस्क असतील तर वर्षाला १५, म्हणजे दर चोवीस दिवसांनी एक. बिघाड हा अपघात राहत नाही, दिनक्रम होतो. त्याची पूर्वसूचनाही मिळेलच असे नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही इशारा दिला नव्हता.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरांत ठेवायच्या. दोन गेल्या तरी एक उरते. आपल्या ४,००० टेराबाइटला मग १२,००० टेराबाइट जागा लागते. दुसरा उपाय बीजगणिताचा आहे आणि तो वर्गात करून पाहण्यासारखा आहे.

दोन संख्या मनात धरा, क = ७ आणि ख = ५. चार मुलांना चार चिठ्ठ्या द्या. पहिलीवर क, म्हणजे ७. दुसरीवर ख, म्हणजे ५. तिसरीवर क + ख, म्हणजे १२. चौथीवर क + २ख, म्हणजे १७. आता कोणत्याही दोन मुलांना वर्गाबाहेर पाठवा. उरलेल्या दोन चिठ्ठ्यांवरून क आणि ख काढता येतात का? समजा १२ आणि १७ उरल्या. वजाबाकी केली की ख = ५, आणि मग क = ७. सहाही जोड्या तपासून पाहा. दोन चिठ्ठ्या हरवण्याची मुभा मिळाली आणि जागा लागली मुळाच्या दुप्पट. तीन प्रती करूनही मुभा दोनचीच होती, पण जागा तिप्पट लागत होती. (चौथ्या चिठ्ठीवर क + ख हेच पुन्हा लिहिले तर काय बिघडते, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा.)

आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली रीत हीच. गाण्याच्या सीडीवर ओरखडा पडला तरी गाणे वाजते ते याच रीतीमुळे. प्रत्यक्षात संगणक घड्याळासारखे गोल फिरणारे अंकगणित वापरतो, म्हणजे बेरीज कितीही झाली तरी ती एका बाइटाबाहेर जात नाही. माहितीचे ८ तुकडे आणि जोडीचे ३ असे ‘आठ अधिक तीन’ धरले, तर कोणतेही तीन गेले तरी चालते आणि ४,००० टेराबाइटला ५,५०० टेराबाइट पुरतात. २० टेराबाइटच्या डिस्कांत सांगायचे तर ६०० डिस्कांऐवजी २७५. मात्र गोदाम काठोकाठ भरायचे नसते. ऐंशी टक्क्यांपर्यंत भरू असे धरले तर २७५ च्या ३४४ होतात. लहानसहान नोंदी सारख्या बदलत असतील तर तीन प्रतीच बऱ्या, कारण प्रत्येक बदलाला अकरा ठिकाणी हिशेब करणे महाग पडते. वेधशाळेची नोंद एकदा लिहिली की बदलत नाही. तिला ‘आठ अधिक तीन’ शोभते.

३४४ डिस्क किती सर्व्हरांत?

खरेदीचा खरा निर्णय इथे होतो, आणि बहुतेक चुकाही इथेच होतात.

एका सर्व्हरात १२ डिस्क बसवल्या तर २९ सर्व्हर लागतात (३४८ डिस्क). बाजारात ६० डिस्कांचे सर्व्हरही मिळतात. ते ६ घेतले की काम झाले (३६० डिस्क). जागा कमी, तारा कमी, दर टेराबाइटला खर्चही कमी. निविदा उघडली तर सहावाला जिंकणार.

आता एक सर्व्हर बंद पाडून पाहू. ‘आठ अधिक तीन’चे अकरा तुकडे अकरा वेगळ्या सर्व्हरांत असावेत अशी अपेक्षा असते. सर्व्हर सहाच असतील तर बहुतेकांत दोन-दोन तुकडे ठेवावे लागतात. एक सर्व्हर गेला की दोन तुकडे गेले. दुसरा गेला की चार. चार गेल्यावर गणितही काही करू शकत नाही. २९ सर्व्हरांत प्रत्येकी एकच तुकडा असतो, म्हणून तीन सर्व्हर गेले तरी माहिती शाबूत राहते.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागेची. सहा सर्व्हरांची एकूण जागा ७,२०० टेराबाइट आणि आत माल ५,५००, म्हणजे ७६ टक्के. ऐसपैस वाटते. एक सर्व्हर गेल्यावर जागा उरली ६,००० आणि माल पूर्वस्थितीला आणायचा तर तो ५,५००, म्हणजे जवळजवळ ९२ टक्के. सेफची नेहमीची मर्यादा अशी, की ८५ टक्क्यांना इशारा द्यायचा, ९० टक्क्यांच्या पुढे त्या डिस्कवर दुरुस्तीचा माल घ्यायचा नाही आणि ९५ टक्क्यांना लिहिणेच थांबवायचे. म्हणजे दुरुस्ती अर्ध्यातच अडते. २९ सर्व्हरांत एक गेला तर भरणा ७९ वरून ८२ टक्क्यांवर जातो, इतकेच.

तिसरी गोष्ट वेळेची. दुरुस्ती चालू असताना मुभा कमी झालेली असते, म्हणून तो काळ जितका लहान तितके बरे. जुन्या जोडडिस्क पद्धतीत २० टेराबाइटची डिस्क गेली, की एकाच नव्या डिस्कवर सगळे उतरवावे लागे. सेकंदाला २५० मेगाबाइट या उत्तम वेगानेही ८०,००० सेकंद, म्हणजे बावीस तास लागतात. समूहात तसे नसते. गेलेल्या डिस्कचे सोबती तुकडे सगळीकडे विखुरलेले असतात, म्हणून सगळे मिळून थोडे थोडे उचलतात. गावात एकाच्या मळणीला सारे शेजारी धावावेत तसे. प्रत्येक डिस्क नेहमीचे काम सांभाळून सेकंदाला ५० मेगाबाइट देते असे धरले, तर एका डिस्कचा माल कागदावर अडीच तासांच्या आत पुन्हा घडतो. बारा डिस्कांचा अख्खा सर्व्हर गेला तर सव्वा दिवस लागतो. साठ डिस्कांचा गेला तर माल पाचपट आणि मदतीचे हात उलट कमी, त्यामुळे काम कित्येक दिवसांवर जाते.

तेव्हा आमचे मत बारावाल्या २९ सर्व्हरांकडे झुकते. संग्रह दहा-वीस पटींनी मोठा असता तर साठवालेही शोभले असते, कारण तेव्हा तेही पुष्कळ झाले असते. प्रश्न सर्व्हरच्या आकाराचा नसून, एक सर्व्हर म्हणजे एकूण समूहाचा कितवा हिस्सा, हा आहे.

उरलेले सामान

तारांचा हिशेब सोपा आहे. बारा डिस्क पूर्ण वेगाने चालल्या तर सेकंदाला ३ गिगाबाइट, म्हणजे २४ गिगाबिट. म्हणून २५ गिगाबिटची जोडणी जुळते. घरोघरी असते ती १ गिगाबिटची जोडणी इथे घातली, तर डिस्क रिकाम्या बसतील आणि दुरुस्ती आठवडाभर रेंगाळेल. जोडणीचे स्विचही दोन हवेत.

सेफ दर डिस्कमागे सुमारे ४ गिगाबाइट स्मृती वापरते. बाराला ४८, आणि दुरुस्तीच्या धावपळीत याहून जास्त. म्हणून १२८ घ्यावी, आणि तीही चूक ओळखून सुधारणारी. तबकड्यांवर स्वतःच प्रती करणारे महागडे रेड कार्ड इथे नको. प्रतींचे काम सॉफ्टवेअर करतेच आहे. एकाच कामाला दोन कारभारी नेमले की काय होते, हे शाळेत काम करणाऱ्यांना सांगायला नको.

फ्लॅश डिस्क, म्हणजे एसएसडी, प्रत्येक सर्व्हरात एक-दोन लागतात. ‘कोणता तुकडा डिस्कवर कुठे’ ही टाचणवही त्यांवर ठेवली की काम भराभर होते. इथे घरगुती एसएसडी फसवते. ती वेगवान दिसते, कारण आलेला मजकूर आधी तात्पुरत्या स्मृतीत घेते आणि मग सावकाश लिहिते. सेफ मात्र प्रत्येक वेळी विचारते, ‘खरेच लिहिले ना?’ आणि खरे उत्तर देताना तिचा वेग कोसळतो. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीत लहान कपॅसिटर असतात. वीज गेली तरी तेवढ्या साठ्यावर हातातले लिहून पूर्ण करता येते, म्हणून ती लगेच ‘लिहिले’ म्हणू शकते. भरदुपारी वीज जाण्याची सवय असलेल्या आपल्या भागात या कपॅसिटरांचे मोल वेगळे सांगायला नको. आणखी एक लक्षात ठेवावे. एका एसएसडीवर सहा डिस्कांची टाचणवही असेल, तर ती गेल्यावर सहाही डिस्क गेल्या असेच समजायचे.

काही हार्ड डिस्कांत माहितीचे पट्टे घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाढते, पण मधले कौल बदलायचे तर पुढची सगळी उचलावी लागतात. दुरुस्तीच्या वेळी अशा डिस्क रांगेत अडकून बसतात. घरगुती व छोट्या कार्यालयांच्या काही डिस्कांत अशी रचना ठळकपणे न सांगता वापरल्याचे २०२० मध्ये उघडकीस आले होते. खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

समूहाचा नकाशा राखणारे पहारेकरी सर्व्हर तीन किंवा पाच असतात, चार कधी नाही. समूह मधोमध तुटला तर बहुमत एकाच बाजूला असले पाहिजे.

वीज, ऊन आणि वर्षे

३४८ डिस्क प्रत्येकी ८ वॅटच्या धरल्या तर २.८ किलोवॅट. सर्व्हरांचे बाकीचे भाग प्रत्येकी २०० वॅट धरले तर ५.८. एकूण ८.६ किलोवॅट रात्रंदिवस, म्हणजे वर्षाला सुमारे ७५,००० युनिट. थंडाव्याची वीज वेगळी. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तीही कमी नसते. सर्व २९ सर्व्हर एकाच वीजवाहिनीवर असतील, तर ‘तीन सर्व्हर गेले तरी चालते’ याला अर्थ उरत नाही, कारण जातील तेव्हा सगळे एकदम जातील. म्हणून दोन वाहिन्या, दोन यूपीएस, आणि सेफच्या नकाशात कोणता सर्व्हर कोणत्या वाहिनीवर आहे याची नोंद हवी. ती नोंद असेल तरच सॉफ्टवेअर तुकडे त्याप्रमाणे वाटू शकते.

एवढे करूनही समूह म्हणजे दुसरी प्रत नव्हे. कोणी चुकून माहिती पुसली, तर ती अकराही ठिकाणांहून इमानेइतबारे पुसली जाते. लायगोची माहिती म्हणूनच एका ठिकाणी राहत नाही. कॅलटेकमध्ये तिचा संग्रह आहे, आणि पुण्याच्या आयुकामध्ये ‘सारथी’ हा संगणकसमूह तिच्या विश्लेषणासाठी उभारला आहे.

राहता राहिली खरेदीची वेळ. पाच वर्षांच्या डिस्क पहिल्याच वर्षी घेऊ नयेत. वर्षाला लागतात सत्तरच्या आसपास, आणि दरवर्षी त्याच पैशात मोठी डिस्क मिळते. सेफला लहानमोठ्या डिस्क एकत्र चालतात. फक्त मोठीकडे माल जास्त जातो आणि मागणीही तिच्याचकडे जास्त येते. शिवाय एकाच कारखान्यातल्या एकाच घाण्यातल्या डिस्कांत एखादा दोष असेल तर तो सगळ्यांत असतो, आणि त्या एकाच सुमारास जातात. म्हणून प्रत्येक खरेदीत दोन-तीन घाणे मागून घ्यावेत, ते वेगवेगळ्या सर्व्हरांत विखरून बसवावेत आणि पाच-सहा डिस्क कपाटात राखून ठेवाव्यात. आपल्या हिशेबाने वर्षाला तेवढ्या लागतीलच.